साडेचारशे टनांचा रिव्हर्स

"तुमच्याकडे साडेचारशे टन सिमेंटचे ठोकळे आहेत," बायको म्हणाली.

मास्तर दाढी करत होते. त्यांनी आधी डावा गाल आरशात पाहिला, मग उजवा, आणि मगच मान वळवली.

"माझ्याकडे आठ ठोकळे आहेत. ट्रकमध्ये आहेत, जाऊन बघ."

"बघायचं काय त्यात? रोज अंगणात तुमचा ट्रक बघतेच आहे. मी फोनवर आलंय ते वाचतेय." तिने फोन जरा लांब धरला. "आपल्या नोंदीनुसार आपल्याकडे सिमेंट ठोकळ्यांचा सुमारे साडेचारशे टन साठा शिल्लक दिसतो. साठ्याच्या प्रत्यक्ष तपासणीसाठी आमचे अधिकारी गुरुवारी येतील. साठा पाहणीसाठी उपलब्ध ठेवावा."

"कोणाचं आहे?"

"कर खात्याचं. आणि गुरुवार उद्या आहे."

मास्तरांनी अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून फोन हातात घेतला, स्क्रीनकडे पाहिले, आणि खाली 'हो' असे लिहिलेले बटण दिसताच ते दाबून टाकले. निरोप नाहीसा झाला. त्यांना जरा बरे वाटले.

"काय दाबलंत?" बायकोने विचारले.

"हो दाबलं."

"कशाला हो?"

गेले तीन महिने मास्तर फोनवर जे येईल त्याला 'हो' म्हणत होते, आणि आतापर्यंत त्यांचे काही बिघडले नव्हते.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते ट्रक चालवायला शिकवत. ट्रक त्यांचा स्वतःचा, शिकवण्याचा परवाना स्वतःच्या नावावर, वर कोणी साहेब नाही. त्यांच्या बाजूला पायाशी एक जादा ब्रेक होता आणि तोंडात दोनच शब्द होते: "मागे बघ!" ट्रक हलवायच्या आधी मागे बघ, वळायच्या आधी मागे बघ, दार उघडायच्या आधी मागे बघ. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसे पुढे लग्नाच्या मांडवातसुद्धा खुर्चीवरून उठताना आधी मागे बघत, असे लोक म्हणत. घरीही त्यांचे हेच. बायको गरम पातेले घेऊन वळली की मास्तर जागेवरून ओरडत, आणि ती त्यांच्याकडे अशी बघे की ते पुढचे वाक्य गिळून टाकत.

ते आठ ठोकळे ट्रकमध्ये असत कारण रिकामा ट्रक कोणालाही चालवता येतो. भरलेला ट्रक थांबवताना माणसाची खरी परीक्षा होते. म्हणून मास्तरांनी कधीकाळी सिमेंटचे आठ मोठे ठोकळे टाकून घेतले होते. ते कधी उतरले नाहीत, उतरवायचे कारणही नव्हते.

सगळा घोळ यंदा सुरू झाला. स्वतःचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने जमाखर्च फोनवरच्या ॲपमध्ये ठेवायचा आणि दर तिमाहीला पाठवायचा, असा नियम आला. तोवर मास्तरांच्या पावत्या एका बिस्किटांच्या डब्यात असत. वर्षाकाठी तो डबा हिशेबनिसाकडे जाई आणि रिकामा होऊन परत येई. ॲप म्हटल्यावर त्यांनी हात टेकले आणि मेहुण्याला बोलावले. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याची फोनची कव्हरे विकायची टपरी होती, आणि कव्हराच्या आतले सगळे आपल्याला कळते असा त्याचा ठाम समज होता.

"धंदा कोणता टाकू, दाजी?" मेहुण्याने विचारले होते.

"ट्रक शिकवतो, असं टाक."

"यादीत नाहीये ते. शिक्षण आहे."

"मग शिक्षण टाक."

"शिक्षण टाकलं की वर्गखोल्या किती, फळे किती, ते विचारतंय. फळा आहे का तुमच्याकडे?"

"आरसे आहेत."

"मग नको." मेहुण्याचा अंगठा सरसर खाली गेला. "हे घ्या. मालवाहतूक व व्यापार. ट्रक आहे, ट्रकमध्ये माल आहे. अगदी फिट्ट बसतंय."

"मी मालाचा व्यापार करत नाही रे."

"दाजी, ॲपला काय कळतंय? तुम्ही फक्त प्रत्येक पावतीचा फोटो काढायचा. ते विचारेल, बरोबर आहे का. तुम्ही म्हणायचं हो. शिकवणीला कोण येणार ते इथे टाका, म्हणजे त्या दिवशीच्या माणसाचं नाव ते आपणहून भरेल. तुम्हाला डोकं चालवायचं कामच नाही."

मास्तरांनी त्याचा सल्ला शब्दशः पाळला. डिझेलची पावती काढली, फोटो, हो. टायरची पावती, फोटो, हो. आणि रोज एक पावती काट्याची.

हा काटा म्हणजे अख्खा ट्रक वर चढवून वजन करायचा काटा. लायसनच्या परीक्षेत ट्रक काट्यावर नीट उभा करावा लागे, पावती वाचून दाखवावी लागे आणि माल जास्त आहे की नाही ते सांगावे लागे. त्यामुळे मास्तरांची प्रत्येक शिकवणी जवळच्या काट्यावर संपे. विद्यार्थी ट्रक वर चढवी, काटेवाला खिडकीतून पावती देई, विद्यार्थी ती वाची, मास्तर फोटो काढत. वजनाचे पैसे हा धंद्याचा खर्च, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्याच पावतीवर मधोमध 'माल: सिमेंट ठोकळे, आवक' असे छापलेले असे. तिकडे त्यांनी कधी पाहिले नाही. ॲपने मात्र पाहिले होते, आणि व्यापाऱ्याकडे रोज आठ टन ठोकळे येतात, जात एकही नाहीत, हे निमूटपणे लिहून ठेवले होते.

हे सगळे मेहुण्याने त्या सकाळी फोनवर उलगडून सांगितले, तेव्हा मास्तरांच्या गालावरचा साबण वाळून गेला होता.

"मग ते पुसून टाक," मास्तर म्हणाले.

"तिमाही पाठवून झाली ना, दाजी. आता पुसता येत नाही."

"पाठवली कधी?"

"तुम्हीच पाठवलीत. हो म्हणालात."

"आता काय करू मी?"

"काही नाही हो, येतील नि बघून जातील. माझ्या टपरीवर गिऱ्हाईक आलंय, ठेवतो." मेहुण्याने फोन ठेवला आणि मग दिवसभर उचलला नाही.

मास्तर खुर्चीत बसले. त्यांचा परवाना या महिन्याच्या अखेरीस संपत होता. नवा मिळण्यासाठी कर खात्याचा दाखला लागे, आणि ज्याच्या नोंदीत साडेचारशे टनांचा गोंधळ आहे त्याला दाखला कोण देणार? परवाना नाही म्हणजे शिकवणी नाही. ट्रक अंगणात उभा राहणार, आणि त्याच्याकडे बघत मास्तर ओट्यावर बसणार. त्यांना दुसरे काहीही येत नव्हते. एवढ्या वर्षांत ते इतके घाबरले नव्हते, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत लोकांनी ट्रक नाल्यात घातले होते.

"जेवून घ्या," बायको म्हणाली. "साडेचारशे टन उपाशीपोटी सापडणार नाहीत."

गुरुवारी सकाळी कर खात्याच्या मॅडम आल्या. हातात टॅब्लेट, पायात बूट, चेहऱ्यावर काहीच नाही. त्याच वेळी त्या दिवसाचा विद्यार्थीही येऊन उभा होता. तो शिंपी होता. बाजारात त्याचे इवलेसे दुकान होते, पण तयार कपड्यांनी धंदा बसवला म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर तो ट्रक शिकायला निघाला होता. सोमवारी त्याची परीक्षा होती, तिसऱ्यांदा. आधीच्या दोन्ही वेळा तो रिव्हर्समध्ये नापास झाला होता.

मॅडमनी अंगण पाहिले, अंगणाची मागची बाजू पाहिली, न्हाणीघराचे दारही ढकलून पाहिले. मग ट्रकच्या चाकावर पाय देऊन आत डोकावल्या.

"आठ आहेत," त्या म्हणाल्या.

"तेच सांगतोय मी, मॅडम. हेच आठ. रोज हेच काट्यावर चढतात."

"म्हणजे बाकीचा माल तुम्ही विकला?"

"बाकीचा नाहीचय हो!"

"नोंदीत आहे. तुम्ही आहे म्हणालात." त्यांनी टॅब्लेट पुढे केला. "हे बघा. प्रत्येक नोंदीखाली हो, हो, हो. परवा निरोप पाठवला, साठा दाखवायला तयार आहात का विचारलं. तुम्ही काल हो म्हणालात."

शिंपी हळूच म्हणाला, "माझ्या दुकानाला पण हेच ॲप आहे मॅडम. दोरे नि बटणं टाकायला. मी मात्र वाचतो." मास्तरांनी त्याच्याकडे एकदाच पाहिले आणि तो ट्रकचा आरसा पुसू लागला.

"तुम्ही काट्यावर चला," मास्तर म्हणाले. "डोळ्यांनी बघा. मग तुम्हीच सांगा."

तिघे ट्रकमध्ये बसले. शिंपी चालवत होता. त्याचे दोन्ही पाय शिलाई मशीनच्या सवयीने एकदम हलायचे, त्यामुळे ट्रक थोडा नाचत जायचा. मॅडमनी एका हाताने दांडा धरला आणि दुसऱ्या हाताने टॅब्लेट. काट्यावर वजन झाले, पावती आली, मास्तरांनी फोटो काढला. मॅडमच्या टॅब्लेटवर टिंग वाजले.

"आठ टन वाढले," त्या म्हणाल्या.

"कुठून वाढले? तुम्ही त्यांच्याबरोबरच बसून आलात!"

मॅडमनी टॅब्लेटवरचे सगळे रकाने वरखाली करून पाहिले. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना सगळे कळले होते, पण कळले म्हणून भरायचा रकाना त्यांच्याकडे नव्हता. "मला पटतंय," त्या म्हणाल्या. "पण मला नोंद खोडता येत नाही. आवक फक्त जावकीने मिटते. जावकीची काट्याची पावती दाखवा, मी मान्य करते. अहवाल आज संध्याकाळपर्यंत जायला हवा. नाहीतर प्रकरण वर जातं, आणि वर गेलेलं महिना-दोन महिने खाली येत नाही."

महिना-दोन महिने! मास्तरांचा परवाना तर याच महिन्याच्या अखेरीस संपत होता.

इतका वेळ खिडकीतून ऐकणारा काटेवाला आता बाहेर आला. "जावक होणार कशी, मास्तर? तुम्ही नेहमी रस्त्याकडून चढता. या बाजूनं चाकं चढली की माझं मशीन आवक छापतं. आतल्या बाजूनं चढली की जावक."

सगळ्यांनी आतल्या बाजूकडे पाहिले. काट्याच्या पलीकडे दोन भिंतींमधले लांबट अंगण होते. त्यात ट्रक वळवायला जागा नव्हती. अंगणाचे मागचे फाटक एकेरी रस्त्यावर उघडत होते, तिथून फक्त बाहेर पडता येई. उलट्या दिशेने आत घुसायचे म्हणजे नियमभंग, आणि तो मास्तरांच्या हातून झोपेतही झाला नसता. ट्रक आत गेला की त्याचे तोंड फाटकाकडे आणि पाठ काट्याकडे.

"रिव्हर्समध्ये चढायचं," मास्तर म्हणाले. "वजन करायचं, पुन्हा पुढे उतरायचं. पुन्हा रिव्हर्स. चालेल का, मॅडम?"

मॅडमनी विचार केला. "जितका खरा माल आला, तितकाच खरा जातोय. चालेल."

"पण पन्नासाहून जास्त वेळा चढावं लागेल," काटेवाला म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक गोड भाव पसरला. "प्रत्येक वजनाचे पैसे पडतील हां."

"घाऊक भाव लाव," मास्तर म्हणाले.

शिंपी खाली उतरला आणि मास्तर स्वतः स्टिअरिंगसमोर बसले. किती वर्षांनी बसत होते कोण जाणे. त्यांनी मान मागे वळवली, ट्रक सरळ रेषेत काट्यावर चढवला, जावकीची पहिली पावती आली. टॅब्लेटवर आठ टन कमी झाले. सगळ्यांना हायसे वाटले. दुसऱ्यांदा मास्तरांनी मान वळवली, दुसरी पावती आली. तिसऱ्यांदा मान वळवली आणि ती तिथेच राहिली.

"मास्तर?" शिंपी म्हणाला.

"मान धरली," मास्तर पलीकडच्या खिडकीबाहेर बघत म्हणाले.

जगाला मागे बघायला सांगण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला स्वतः मागे बघायची सवय राहिली नव्हती. काटेवाल्याने मान चोळून पाहिली. ती आणखीनच आवळली. शेवटी मास्तरांना तसेच वाकड्या मानेने उचलून शेजारच्या सीटवर बसवले आणि सगळ्यांच्या नजरा शिंप्याकडे वळल्या.

"मी नाही," शिंपी म्हणाला. "रिव्हर्स सोडून काहीही सांगा."

"रिव्हर्सची एवढी काय भीती?" मॅडमनी विचारले.

"मॅडम, तीस वर्षं मशीन चालवतोय. चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो. पायालाच माहितीय ते. मी रिव्हर्स टाकला की पाय आपोआप उचलला जातो, काय करू?"

इतके महिने मास्तर या माणसावर खेकसत आले होते, आणि रिव्हर्सला याचा पाय का उचलला जातो हे त्यांनी एकदाही विचारले नव्हते. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण लाजायलासुद्धा त्यांना खिडकीकडेच तोंड करावे लागत होते.

"शिवण संपली की टीप पक्की कशी करता हो तुम्ही?" त्यांनी खिडकीला विचारले.

"खटका दाबून दोन टाके मागे घेतो."

"तेव्हा दोरा तुटतो?"

"छे! तेव्हा कशाला तुटेल? तेव्हा मशीनच टाके मागे घेतं, चाक सरळच..." शिंपी थांबला. त्याने गिअरच्या दांड्याकडे पाहिले. "हा खटका आहे होय?"

"खटकाच आहे. इंजिन सरळच फिरतंय तुमचं. टाके तेवढे मागे पडतायत."

शिंप्याने रिव्हर्स टाकला. आरशात पाहिले, मान वळवली, एक डोळा मिटला. पाय उचलला गेला नाही. ट्रक भिंतीपासून सारखे अंतर ठेवून मागे सरकत गेला आणि काट्याच्या मधोमध येऊन थांबला.

"काठाला पाव इंच डावीकडे गेलाय," शिंपी नाराजीने म्हणाला.

मग दुपार झाली, दुपार कलली. शिंपी टाके घालत राहिला. काटेवाला पावती खिडकीतून आत टाकी, मास्तर तिचा फोटो काढत. मान डावीकडे अडकली होती आणि फोन उजव्या हातात होता, त्यामुळे स्क्रीन बघायचा प्रश्नच नव्हता. पण बटण कुठे असते ते अंगठ्याला पाठ होते. फोटो, हो. फोटो, हो. मॅडम काटेवाल्याच्या खोलीत बसून त्याचा चहा पीत होत्या आणि प्रत्येक टिंगला टॅब्लेट बघत होत्या. बायको मलमाची बाटली घेऊन आली, नवऱ्याच्या मानेला चोळू लागली आणि म्हणाली, "आता कसे सारखे मागे बघताय."

उन्हे उतरली तेव्हा मॅडम बाहेर आल्या. "बास. शेवटची आवक राहू दे. हे आठ समोर दिसतायत, ते नोंदीत हवेतच." त्यांनी टॅब्लेटवर सही केली. "साठा जुळला. दाखला उद्या मिळेल. आणि धंद्याचा प्रकार बदलून घ्या. इतर सेवा असा एक आहे, सगळ्यात खाली. तिथपर्यंत कोणी जात नाही."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले. मानेमुळे आले, असे त्यांनी सांगितले.

दिवसभर काट्यावरून पुढे ट्रक नुसता उतारावर सोडला होता; आता घरी न्यायला शिंप्याने पहिला गिअर टाकला आणि ट्रक आचके देत बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद पडला. "पुढे कसं जायचं ते विसरलो, मास्तर," तो म्हणाला. ते आठवायला त्याला फाटकापर्यंतचे अंगण लागले.

दाखला आला. परवाना नवा झाला. सोमवारी शिंप्याने परीक्षेत असा रिव्हर्स घेतला की परीक्षकाने तो पुन्हा एकदा करून दाखवायला सांगितला, नुसता बघायला म्हणून. मास्तरांची मान सुटली. त्यांनी सगळ्यात खालपर्यंत जाऊन धंदा बदलला, बिस्किटांचा डबा माळ्यावर टाकला, आणि आपण या ॲपला पुरून उरलो असे चार जणांना सांगितलेही.

पुढची तिमाही सरली. एका सकाळी मास्तर दाढी करत होते, तेव्हा दारात शिंपी येऊन उभा राहिला.

"मास्तर, माझ्या दुकानात साडेचारशे टन ठोकळे आहेत."

मास्तरांनी डावा गाल पाहिला, उजवा गाल पाहिला, आणि वळले. "काय?"

"माझं दुकान तुम्ही बघितलंय. गिऱ्हाइकाची मापं घ्यायची तर मला बाहेर उभं राहावं लागतं. आठ टन कमी असतील फार तर, पण बाकीचे सगळे आहेत. मॅडम गुरुवारी येतायत." त्याने फोन पुढे केला.

मास्तरांनी स्वतःचा फोन आणला. त्या गुरुवारच्या जावकीच्या नोंदी उघडल्या. प्रत्येक नोंदीत एक ओळ होती. आवक कुठून आली याच्याशी ॲपला देणेघेणे नव्हते. जावक कोणाकडे गेली हे मात्र त्याला लागे, आणि त्या दिवशीच्या शिकवणीला जो माणूस होता त्याचे नाव त्याने घेणारा म्हणून आपणहून भरले होते, आणि तिकडे त्याच्या दुकानाच्या साठ्यात तेवढी आवक परस्पर चढवली होती. खाली विचारले होते: बरोबर आहे का? आणि प्रत्येक वेळी उत्तर होते, हो.

मास्तरांनी फोन खाली ठेवला. "चूक माझी आहे," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून बायकोनेही फारसे ऐकले नव्हते, म्हणून ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. "तुम्ही माझा परवाना वाचवलात, आणि मी तुमच्या गळ्यात हे बांधलं. मान धरली होती हे खरं. पण मान सरळ असती तरी मी बघितलं नसतं."

शिंप्याने खांदे उडवले. "जाऊ द्या हो. ट्रक काढा."

"कशाला?"

"काट्यावर जाऊ. तुमची काळजी मिटली, माझी मिटवू. मला काय, आता रिव्हर्स येतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. उलट कितीतरी दिवसांनी मनाजोगते काम मिळालेल्या माणसाचा उत्साह होता. "पावत्यांचे फोटो माझ्या फोनने काढू. फक्त एक आहे. जावक कोणाच्या नावावर दाखवायची? कोणीतरी घेणारा लागेल. तुमच्या नावावर परत नको, नाहीतर आपण दोघं मरेपर्यंत काट्यावरच."

मास्तरांनी बरीच नावे मनात आणली आणि प्रत्येक माणसाची कीव येऊन सोडून दिली. काटेवाला? त्याने फुकट चहा दिला होता. परीक्षक? त्याच्याकडे अजून माणसे पाठवायची होती.

"माझ्या भावाचं टाका," बायको म्हणाली.

दोघेही तिच्याकडे बघत राहिले.

"बघताय काय? त्याचीही टपरी आहे. त्याच्याही फोनवर तेच ॲप आहे. ॲपला काय कळतंय, असं तोच म्हणाला होता ना?" ती आत गेली आणि येताना जेवणाचा डबा घेऊन आली. "वेळ लागेल तुम्हाला. हे बरोबर न्या."

काट्यावर शिंप्याने पहिला टाका मागे घातला, पाव इंचही न चुकता. काटेवाल्याने पावती दिली. शिंप्याने फोटो काढून आपला फोन मास्तरांकडे दिला. मास्तरांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला. वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळ वाचली. माल. वजन. जावक. घेणाऱ्याच्या रकान्यात ॲपने आपणहून भरलेले नाव त्यांनी खोडले आणि तिथे मेहुण्याचे नाव एकेक अक्षर करून घातले. मग डावा आरसा पाहिला, उजवा आरसा पाहिला, मागे वळून पाहिले.

आणि मोठ्या समाधानाने 'हो' दाबले.